बीड जिल्ह्यातील उच्च शिक्षण आणि डिजिटल तंत्रज्ञान : एकात्मीकरणाच्या संकल्पनेची चिकित्सा

सारांश :
विद्यापीठीय अध्यापनात आणि विद्यार्थी-प्रशिक्षणात डिजिटल तंत्रज्ञानाचे एकात्मीकरण व्हावे, याविषयी आज दुमत राहिलेले नाही. मात्र एकात्मीकरण झाले की नाही, हे कोणत्या निकषावर ठरवावे, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. साधनांची संख्या हा प्रचलित निकष अपुरा असून, ऊसतोडणीच्या हंगामात वर्गाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत शिक्षण पोहोचते काय, हा अधिक कठोर आणि अधिक न्याय्य निकष ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : डिजिटल तंत्रज्ञान, उच्च शिक्षण, बीड जिल्हा, हंगामी स्थलांतर, मराठी भाषा, विद्यार्थी-प्रशिक्षण.

१. प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मराठी भाषेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे स्थान आहे. आद्यकवी मुकुंदराजांचे नाव या नगरीशी जोडले जाते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या प्रारंभी दासोपंतांनी येथेच विपुल ग्रंथरचना केली. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर 'पंचीकरण' हा गहन विषय मांडणारी त्यांची पासोडी हा मराठीतील एक विलक्षण ठेवा होय. आशय समजावून देण्यासाठी हाताशी असलेले माध्यम कल्पकतेने वापरण्याची परंपरा या भूमीला नवी नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. पासोडीचे मोठेपण कापडाच्या लांबीत नसून त्यावर मांडलेल्या विषयात आहे, हेही तितकेच स्पष्ट आहे.

आजच्या शैक्षणिक चर्चेत मात्र हा क्रम अनेकदा उलटा झालेला आढळतो. आधी साधन येते, मग त्याच्या वापराचा अहवाल तयार होतो, आणि त्या साधनाद्वारे कोणाला काय शिकवायचे, हा प्रश्न सर्वांत शेवटी उपस्थित होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी असून साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के आहे. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. येथील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारा विद्यार्थी हे या परिसरातील उच्च शिक्षणाचे प्रारंभापासूनचे वैशिष्ट्य राहिले आहे. डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्यांच्यासमोर हाच विद्यार्थी होता. डिजिटल तंत्रज्ञानाची चिकित्साही याच विद्यार्थ्याला मध्यवर्ती ठेवून व्हावयास हवी.

२. माध्यमांची परंपरा आणि आश्वासनांची पुनरावृत्ती :
तंत्रज्ञानाच्या साहाय्याने उच्च शिक्षण खेड्यापर्यंत नेण्याची कल्पना गेल्या दोन दशकांतील नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दूरदर्शनवरून 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हाती घेण्यात आले. २०१० पासून 'एन-लिस्ट' या उपक्रमाद्वारे महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-ग्रंथ अत्यल्प वर्गणीत उपलब्ध झाले. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयं' या व्यासपीठाचे उद्घाटन झाले.

या प्रत्येक टप्प्यावर एकच आश्वासन दिले गेले. महानगरातील उत्तम अध्यापक खेड्यातील विद्यार्थ्याला उपलब्ध होईल आणि अंतर नाहीसे होईल, असे ते आश्वासन होते. यांपैकी कोणताही उपक्रम निष्फळ ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुक्त विद्यापीठाने नोकरी करणाऱ्यांना व गृहिणींना पदवीपर्यंत नेले, ही वस्तुस्थिती आहे. परंतु मुक्त विद्यापीठाने प्रक्षेपणासोबतच स्वयं-अध्ययनासाठी मराठीतून लिहिलेली पुस्तके, गावाजवळचे अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रे यांची व्यवस्था उभी केली, हे त्यामागील कारण दुर्लक्षून चालणार नाही.

संगणकशास्त्रज्ञ केंटारो टोयामा यांनी बंगळूर येथील संशोधनकार्याच्या अनुभवातून २०१५ मध्ये 'गीक हेरसी' हा ग्रंथ लिहिला. तंत्रज्ञान हे माणसांमधील व संस्थांमधील मूळच्या क्षमतेचे आणि हेतूचे वर्धन करते, त्या क्षमतेची उणीव ते स्वतः भरून काढत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका लहानशा शाळेत झाला होता. याच योजनेची पेरू देशात मोठ्या प्रमाणावर अंमलबजावणी झाल्यावर २०१२ मध्ये आंतर-अमेरिकन विकास बँकेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणित व भाषा या विषयांतील संपादनावर परिणाम झाल्याचा पुरावा आढळला नाही. याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार प्राप्त झाला. पहिल्या प्रयोगात साधन महाग होते आणि शिक्षक दुय्यम होता. दुसऱ्यात साधन अगदी स्वस्त होते, परंतु कोणत्या पानावर विद्यार्थी अडतो, हे जाणणारा शिक्षक ते वापरीत होता. या तुलनेतून मिळणारा बोध महाविद्यालयांनाही लागू पडतो.

३. मोजमापाचा प्रश्न :
महाविद्यालयीन स्तरावर एकात्मीकरणाचे मोजमाप कसे होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ मध्ये सुधारलेल्या मूल्यांकन-चौकटीत माहिती-तंत्रज्ञानाने सुसज्ज वर्गखोल्यांचे प्रमाण, अशा साधनांचा वापर करणारे अध्यापक, विद्यार्थी-संगणक गुणोत्तर यांसारख्या बाबींना स्थान मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापकांच्या शैक्षणिक गुणांकनामध्ये ई-आशयनिर्मितीचा समावेश झाला. चार श्रेयांकांच्या संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या निर्मितीस २० गुण ठरविण्यात आले.

या तरतुदींमुळे अनेक महाविद्यालयांत प्रक्षेपक, संगणककक्ष आणि आंतरजालाची जोडणी आली, हे मान्य करावयास हवे. बाह्य दबावावाचून त्या सुविधा आल्या असत्या किंवा नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु या मोजमापाची मर्यादाही स्पष्ट आहे. त्यात जे मोजले जाते, ते संस्थेच्या भिंतींच्या आत असते. वर्गखोली सुसज्ज आहे, हे कळते. त्या वर्गखोलीत जानेवारी महिन्यात किती विद्यार्थी बसलेले होते, हे कळत नाही. अध्यापकाने ध्वनिचित्रफीत तयार केली, याची नोंद होते. ती शेवटपर्यंत कोणी पाहिली, पाहून काय समजले आणि पुढील तासाला त्याने कोणता प्रश्न विचारला, याची नोंद होत नाही.

मोजमापाचा परिणाम केवळ अहवालापुरता मर्यादित राहत नाही. जे मोजले जाते, त्याकडेच संस्थेचा वेळ आणि पैसा वळतो. फळ्यावर लिहिलेले टिपण प्रक्षेपकाच्या पडद्यावर आले आणि विद्यार्थी पूर्वीप्रमाणेच ते उतरवून घेऊ लागला, तर अध्यापनपद्धती बदलली असे म्हणता येत नाही. अमेरिकन शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी २००१ मध्ये 'ओव्हरसोल्ड अँड अंडरयूज्ड' या ग्रंथात कॅलिफोर्नियातील सधन परिसरातील शिक्षणसंस्थांविषयी असेच निरीक्षण नोंदविले होते. साधने मुबलक होती, तरीही अध्यापनाचा मूळ साचा कायम राहिला होता. सधन परिसरात घडणारी ही गोष्ट तुलनेने निरुपद्रवी असते. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील महाविद्यालयात मात्र तोच पैसा ग्रंथालयासाठी किंवा रिक्त पदावरील तासिका तत्त्वावरील अध्यापकासाठी वापरता आला असता, हा प्रश्न टाळता येत नाही.

४. गळीत हंगाम आणि शैक्षणिक सत्र :
बीड जिल्ह्याची ओळख ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशी झाली आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळ्या-टोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. या स्थलांतरितांची संख्या लाखांच्या घरात जाते. फडावर पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणूनच मोजले जाते. या कुटुंबांतील मुलेमुली आता महाविद्यालयात पोहोचली आहेत, ही गेल्या काही दशकांतील आनंदाची घटना होय.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विद्यापीठाचे सम सत्र, म्हणजे दुसरे, चौथे आणि सहावे सत्र, हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. गळीत हंगामही त्याच काळात चालतो. परिणामी तीन वर्षांच्या पदवीतील निम्मा अभ्यासक्रम या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हंगामाशी थेट टक्कर घेतो. मुलगा आईवडिलांच्या हाताखाली फडावर जातो. मुलगी पुष्कळदा गावीच राहते, परंतु वृद्ध आजी-आजोबा, धाकटी भावंडे आणि जनावरे यांची जबाबदारी तिच्यावर येते. दोघांचीही नावे हजेरीपटावर असतात आणि दोघेही वर्गात नसतात. उपस्थितीचा नियम त्यांच्यासमोर उभा राहतो. परीक्षेपुरते गावी येऊन मार्गदर्शिका वाचून उत्तीर्ण होणे, एवढाच मार्ग त्यांना उरतो.

डिजिटल तंत्रज्ञानाचे जे वैशिष्ट्य सर्वत्र सांगितले जाते, म्हणजे स्थळकाळाचे बंधन शिथिल करण्याचे, त्याची खरी गरज या विद्यार्थ्याला आहे. वर्गात उपस्थित असलेल्या विद्यार्थ्याला प्रक्षेपकाने होणारा लाभ मर्यादित आहे. अनुपस्थित विद्यार्थ्याला दहा मिनिटांच्या ध्वनिफितीने होणारा लाभ मोठा असू शकतो. असे असूनही उपलब्ध साधनांची रचना जवळजवळ पूर्णतः उपस्थित विद्यार्थ्यासाठी झालेली आहे. एकात्मीकरणाच्या संकल्पनेतील ही मूलभूत विसंगती होय.

या विवेचनाला एक आक्षेप घेता येईल. फडावरील विद्यार्थ्याला मोबाइलवर पाठ पाठविणे, म्हणजे त्याचे स्थलांतर गृहीत धरून त्याला मान्यता देणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. स्थलांतर थांबविणे हा मूळ उपाय असून, विद्यार्थ्याला गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहता यावे यासाठी वसतिगृह ही पहिली गरज आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला मान्यता दिली, ती याच जाणिवेतून. तंत्रज्ञान वसतिगृहाची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्यांना वसतिगृहात प्रवेश मिळत नाही आणि ज्यांचे हात कुटुंबाच्या उचलीत आधीच बांधले गेले आहेत, त्यांचे चालू वर्ष वाया जाऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर उभा राहतोच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील बहुविध प्रवेश-निर्गमन आणि २०२१ पासून अस्तित्वात आलेली शैक्षणिक श्रेयांक पेढी यांच्याकडेही या दृष्टीने पाहावे लागेल. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा वरकरणी या विद्यार्थ्याच्या सोयीची वाटते. प्रत्यक्षात, परतीची वाट सुकर केली नाही तर ही मुभा शिक्षणातील गळतीला सन्मानाचे नाव देणारी ठरण्याचा धोका आहे. श्रेयांक पेढीत जमा झालेले श्रेयांक विद्यार्थ्याची वाट पाहतील, परंतु विद्यार्थ्याला परत आणण्याचे काम पेढी करणार नाही. ते अध्यापकालाच करावे लागेल.

५. टाळेबंदीच्या काळातील अनुभव :
मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीने डिजिटल अध्यापनाची अनपेक्षित परीक्षा घेतली. त्यापूर्वीच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीने (२०१७-१८) ग्रामीण भारतातील जेमतेम ४ टक्के कुटुंबांकडे संगणक असून सुमारे १५ टक्के कुटुंबांनाच आंतरजालाची सुविधा असल्याचे दाखविले होते. शहरी कुटुंबांत हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २३ व ४२ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ३८ टक्के स्त्रियांनी, तर ६१.५ टक्के पुरुषांनी कधी ना कधी आंतरजाल वापरल्याचे आढळले. अध्यापन एका रात्रीत पडद्यावर गेले, तेव्हा समोरची परिस्थिती अशी होती.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला असून आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्मार्टफोन आहे, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्यात तथ्यांश आहे, परंतु तो अपुरा आहे. कुटुंबात फोन असणे आणि विद्यार्थिनीच्या हाती तो असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील एकमेव चांगला फोन हंगामात वडिलांबरोबर फडावर गेला, तर गावी राहिलेली मुलगी आकडेवारीत 'सुविधाप्राप्त' आणि प्रत्यक्षात वंचित असते. शिवाय थेट प्रक्षेपित तासासाठी लागणारी अखंड जोडणी, चार्जिंगची सोय आणि निवांत जागा यांपैकी एकही गोष्ट एका खोलीच्या घरात किंवा फडावरील कोपीत गृहीत धरता येत नाही.

विजेचा प्रश्नही नजरेआड करता येत नाही. परळी वैजनाथ येथे १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र आहे. तरीही २००५ नंतरच्या काही वर्षांत या जिल्ह्यातील खेड्यांनी दीर्घ भारनियमन सोसले. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावे लागले. तंत्रज्ञान पाणी, वीज आणि रस्ते यांच्यावर उभे असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही डिजिटल दरी दूर झाल्याशिवाय ऑनलाइन शिक्षणाचे लाभ मिळणार नाहीत, ही गोष्ट मान्य केली आहे. धोरणाची ही जाणीव मोजमापाच्या तक्त्यात मात्र उतरलेली नाही.

६. भाषा आणि लिपी :
१९५८ पूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेत होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम स्वीकारले. भारतीय भाषेतून आधुनिक ज्ञान देण्याचा तो धाडसी प्रयोग होता आणि त्यासाठी भाषांतर विभाग उभारून ग्रंथ सिद्ध करण्यात आले. मात्र मराठी घरातील विद्यार्थ्यासाठी ती भाषा घरची नव्हती. ज्ञान आपल्या भाषेतून मिळत नाही, हा मराठवाड्यातील विद्यार्थ्याचा जुना अनुभव आहे.

डिजिटल व्यासपीठांवर तोच अनुभव निराळ्या रूपात पुन्हा येत आहे. 'स्वयं'वरील बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या व्यासपीठावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही मुभा वापरता यावी, अशी व्यवस्था त्याबरोबर आली नाही. यांत्रिक भाषांतराने ही उणीव काही अंशी भरून निघत आहे. तथापि यंत्राने केलेल्या भाषांतरातील परिभाषा अस्थिर असते. एकाच संकल्पनेसाठी तीन पाठांत तीन शब्द आले, तर विद्यार्थ्याचा गोंधळ वाढतो. परिभाषा निश्चित करण्याची जबाबदारी विषयाच्या अध्यापकांनीच घेतली पाहिजे. त्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि संकेतस्थळावर खुला असलेला मराठी विश्वकोश ही भक्कम साधने हाताशी आहेत.

लिपीचा प्रश्न याहून तांत्रिक वाटतो, परंतु त्याचे परिणाम दूरगामी आहेत. १९९० च्या दशकापासून मराठीतील पुष्कळसे संगणकीय लेखन युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झाले. प्रबंध, लघुप्रबंध, स्मरणिका आणि महाविद्यालयीन नियतकालिके यांचा त्यात समावेश होतो. ते छापील कागदावर वाचता येते, परंतु त्यातील एखादा शब्द संगणकाला शोधता येत नाही. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते निरर्थक चिन्हांचा ढीग बनते. मराठवाड्यातील दुष्काळ, लोकसाहित्य आणि मुक्तिसंग्राम यांवरील परिश्रमपूर्वक केलेले संशोधन अशा रीतीने डिजिटल असूनही अदृश्य राहिले आहे. ते युनिकोडमध्ये आणणे हे खर्चिक काम नाही. मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ते हाती घेतल्यास प्रशिक्षण आणि ज्ञानसंवर्धन ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधतील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. अंबाजोगाईच्या परिसरात त्या निर्णयाला साजेसे काम हेच ठरेल.

७. विद्यार्थी-प्रशिक्षण : प्रमाणपत्र आणि कौशल्य :
महाराष्ट्रातील संगणक साक्षरतेच्या प्रसारात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा आणि २००२ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचा वाटा मोठा आहे. तालुक्याच्या गावी संगणक आणि मराठीतून संगणकाचे शिक्षण पोहोचले, ते प्रामुख्याने या अभ्यासक्रमामुळे. शासकीय सेवेच्या अर्हतेत या प्रमाणपत्राला स्थान मिळाल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु त्याच कारणाने प्रमाणपत्र हे नोकरीच्या अर्जाचे जोडपत्र बनले. महाविद्यालयाच्या अभ्यासाशी त्याची सांगड घालण्याचे काम राहूनच गेले.

वस्तुतः या जिल्ह्यातील विद्यार्थी तंत्रज्ञानापासून दूर नाही. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरील अर्ज तोच भरतो. वडिलांची पीक विम्याची नोंदणी, २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, सातबाराचा उतारा आणि बँकेची केवायसी ही कामेही त्याच्याकडेच येतात. तो कुटुंबाचा अघोषित लेखनिक असतो. मात्र हे कौशल्य महाविद्यालयाच्या दृष्टीने ज्ञान ठरत नाही आणि महाविद्यालय जे शिकविते, ते त्याला या कामांत उपयोगी पडत नाही. ही दरी बुजविणे हे विद्यार्थी-प्रशिक्षणाचे पहिले उद्दिष्ट असावयास हवे.

उदाहरणार्थ, भूगोलाच्या विद्यार्थ्याने 'भुवन' या इस्रोच्या नकाशा-सेवेवर आपल्या गावशिवारातील विहिरी व पाझर तलाव नोंदवावेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जनगणनेची जिल्हा पुस्तिका स्प्रेडशीटमध्ये घेऊन आपल्या तालुक्यातील स्त्री-साक्षरतेचा तक्ता करावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने उचल आणि तोडणीचा दर यांचा हिशेब मांडावा, म्हणजे हंगामाच्या अखेरीस मुकादमाने दाखविलेली बाकी खरी की खोटी, हे त्याच्या घरात समजू शकेल. या कामांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही. विषय जाणणारा आणि विद्यार्थ्याचे गाव जाणणारा अध्यापक मात्र लागतो.

८. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मूल्यमापन :
नोव्हेंबर २०२२ नंतर लेखन करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. गृहपाठ, प्रकल्पअहवाल आणि परिसंवादाचे निबंध यंत्राकडून लिहून घेणे आता मराठीतूनही शक्य झाले आहे. त्यामुळे मूल्यमापनाचा पाया ढासळल्याची चिंता व्यक्त होते. परंतु पाठांतरावर आणि बाजारातील मार्गदर्शिकेवर विसंबलेला प्रकल्पअहवाल यापूर्वीही विद्यार्थ्याचा स्वतःचा नव्हता. यंत्राने जुनी उणीव उघडी पाडली आहे.

या परिस्थितीत तोंडी परीक्षा, क्षेत्रीय नोंदवही आणि वर्गातील चर्चा यांचे महत्त्व वाढते. गावातील आठ वृद्ध स्त्रियांकडून संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्या, त्यांच्या ध्वनिमुद्रणासह आणि शब्दार्थासह सादर करावयाच्या असतील, तर त्यासाठी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष घराघरांत जावेच लागते. मोबाइल येथे पळवाट न राहता संशोधनाचे साधन होतो. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने शिक्षणातील तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरले जाते, असा प्रश्न विचारला होता. महाविद्यालयीन वर्गात त्याचे उत्तर अभ्यासविषयाच्या अटींवर, असेच असले पाहिजे.

९. निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) एकात्मीकरणाचे मूल्यमापन साधनांच्या संख्येबरोबरच विद्यार्थ्यापर्यंतच्या पोहोचीवर व्हावे. सम सत्रात दीर्घकाळ अनुपस्थित राहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांशी महाविद्यालयाचा शैक्षणिक संपर्क राहिला, ही नोंद प्रत्येक विभागाने ठेवावी.

२) थेट प्रक्षेपणापेक्षा कमी डेटात उतरवून घेता येणाऱ्या, जोडणी नसतानाही वापरता येणाऱ्या मराठी ध्वनिफिती आणि छापील स्वयं-अध्ययन साहित्य यांना प्राधान्य द्यावे. मुक्त विद्यापीठाच्या अनुभवाचा येथे उपयोग करून घ्यावा.

३) हंगामाहून परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी परीक्षेपूर्वी संपर्कसत्रे घ्यावीत आणि या कामाची गणना अध्यापकाच्या कार्यभारात व्हावी. गणना होणार नसेल, तर हे काम काही मोजक्या अध्यापकांच्या सद्भावनेवर अवलंबून राहील.

४) युनिकोड मराठी टंकलेखन, ई-ग्रंथालयाचा वापर, माहितीची सत्यता पडताळणे आणि स्थानिक आकडेवारीची मांडणी ही कौशल्ये स्वतंत्र प्रमाणपत्रात न कोंडता प्रत्येक विषयाच्या प्रात्यक्षिकात समाविष्ट करावीत.

५) विद्यार्थिनींसाठी महाविद्यालयाच्या व गावातील ग्रंथालयांत ठरावीक वेळी वापरता येतील अशी सामायिक साधने उपलब्ध करावीत. घरातील फोनवर विसंबून त्यांचे शिक्षण आखू नये.

यांपैकी कोणतीही सूचना मोठ्या निधीची अपेक्षा करीत नाही. तिसरी सूचना मात्र विद्यापीठाच्या व शासनाच्या निर्णयावाचून अमलात येणे कठीण आहे. नव्या श्रेयांक-रचनेची अंमलबजावणी होत असताना कार्यभाराचे निकष पुन्हा आखले जात आहेत, तेव्हा त्यासाठी आग्रह धरण्याची हीच वेळ होय. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडतात, तेव्हा हजेरीपटावरील जी नावे उच्चारूनही उत्तर येत नाही, त्यांची यादी प्रत्येक महाविद्यालयात त्याच आठवड्यात तयार होऊ शकते. डिजिटल एकात्मीकरणाच्या आराखड्याचे पहिले पान म्हणून ती यादी वापरावी.